स्लूस बॉक्सला मॅट कोणती लावू? आधी माल चाळ, मग मॅटचं बोलू

स्लूस बॉक्स म्हणजे तिरपी ठेवलेली पन्हळ, वरून पाण्यासोबत माल सोडायचा, जड कण तळाच्या मॅटवर बसतात, बाकीचं खालच्या तोंडातून, म्हणजे शेपटातून, वाहून जातं. त्यावर साकोलीकडच्या एका पोराचा प्रश्न आहे. त्याचं म्हणणं असं: "काका, मी मामासोबत सोनारांच्या दुकानातली झाडलोट धुतो. ऑनलाइन चार फुटाचा ॲल्युमिनियमचा स्लूस बॉक्स मागवला, त्याच्यासोबत हिरवी गवतासारखी मॅट आली. माल थोडा चाळून टाकतो, जाड कण थांबतात पण बारीक सोनं सगळं शेपटातून निघून जाते. मामा म्हणते काथवटच बरी होती. कोणती मॅट घेऊ? आणि उन्हाळ्यात हाच बॉक्स वैनगंगेत लावला तर चालते का?"

नदीचं आधी सांगून टाकतो. लावू नको. सोनं हे मोठ्या खनिजात येतं, 1957 च्या खाण-खनिज कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय नुसतं शोधायलासुद्धा मनाई आहे, आणि कलम 21 मध्ये पाच वर्षांपर्यंतची कैद लिहून ठेवली आहे. बाहेरच्या देशातले लोक सुट्टीच्या दिवशी बॉक्स घेऊन नाल्यात बसलेले आपण व्हिडिओत पाहतो, त्यांच्याकडे जिथं चालतं तिथं त्याचे वेगळे नियम आहेत, आपल्याकडे तसलं काही नाही. आणि नागझिरा नाहीतर कऱ्हांडला अभयारण्याच्या हद्दीत शिरलास तर जंगलखात्याचं प्रकरण वेगळंच लागेल. भिवापूर-उमरेडकडं जीएसआयनं, म्हणजे सरकारच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यानं, सोन्याचा तपास केला हे खरं आहे, पण ते खडकातलं सोनं, गारगोटीच्या शिरांमधलं, एक टन दगड फोडावा तेव्हा ग्रामात मोजायचं, ते काही घमेल्यानं येत नाही. आपला धंदा दुकानातल्या धुळीचा, त्याच्यातच भरपूर आहे.

आता मॅट. पंचवीस वर्षं हेच काम करतो, आमच्या घरी आजापासून आहे. आमच्याकडं आम्हाला सोनझारी म्हणतात, तिकडं पुण्याकडं झारेकरी म्हणतात, काम एकच. बॉक्स मात्र मी बारा-तेरा वर्षांपूर्वीच आणला आणि पहिली दोन वर्षं तुझ्यासारखाच रडलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मॅट सोनं पकडत नाही, पहिली गोष्ट ही डोक्यात घे. सोनं स्वतःच्या वजनानं खाली बसतं, मॅट फक्त त्याला बसायला आडोसा देते आणि वरच्या पाण्याला ते पुन्हा उचलू देत नाही. सोन्याचं वजन पाण्याच्या 19.3 पट, साध्या रेतीचं 2.65 पट. पाण्यात बुडल्यावर दोघांतलंही एक-एक कमी कर, म्हणजे राहिलं 18.3 आणि 1.65, अकरा पटीचा फरक. एवढा फरक असल्यावर सोनं वाहून जायलाच नको ना? पण जातं. कारण हा हिशोब दोन्ही कण एका मापाचे असले तरच चालतो. हरभऱ्याएवढा खडा आणि मैद्यासारखं सोनं एकाच वेळी बॉक्समध्ये टाकलं तर खडा हलवायला जेवढं पाणी लागतं तेवढ्या पाण्यात मैदा थांबेल कसा? आपल्याकडं बाया धान पाखडतात तेव्हा आधी काडी-कचरा वेगळा करतात, मगच सूप हातात घेतात, तसंच आहे हे.

म्हणून माझं उत्तर मॅटपासून सुरूच होत नाही, चाळणीपासून होतं. तू लिहिलंय की माल "थोडा चाळून" टाकतो. थोडा म्हणजे किती? माझ्याकडं तीन चाळण्या आहेत, 30 मेश, 60 मेश आणि 100 मेश. मेश म्हणजे एका इंचात किती भोकं. 30 ची भोकं साधारण 0.6 मिलिमीटरची, 60 ची पाव मिलिमीटरची, 100 ची 0.15 ची. तीन ढीग वेगळे, तीन वेळा वेगळं धुणं, आणि दर वेळी पाणी आणि उतार वेगळा. कंटाळा येतो, मान्य. पण हिरवी मॅट तीच ठेवून नुसतं एवढं केलंस तरी तुझं निम्मं दुखणं जाईल, हे मी लिहून देतो. 30 च्या वर जे राहतं ते तर बॉक्समध्ये टाकूच नको, ते डोळ्यानं पाहून निवड, तुटलेली कडी, तारेचा तुकडा, टाक्याचा, म्हणजे सांधायच्या धातूचा, गोळा असलं सगळं त्यातच निघतं.

चाळायच्याही आधी भाजणं आहे. दुकानातल्या धुळीत मेण, तेल, पॉलिशची पेस्ट, केस, बिडीची थोटकं, सगळं असतं, आणि तेल लागलेला बारीक कण पाण्यावर तरंगतो, तो कोणत्याच मॅटवर बसत नाही कारण तो खाली येतच नाही. लोखंडी कढईत लाल होईपर्यंत भाजून घ्यायचं, थंड झालं की खलबत्त्यात कुटायचं, मग चाळायचं. फक्त एक, हे घरात करू नको. जुन्या दागिन्यांच्या मालात केडीएमचा टाका असतो, म्हणजे कॅडमियम, ते तापलं की त्याचा धूर फुफ्फुसाला फार वाईट, आणि त्रास लगेच कळत नाही, रात्री कळतो. बांधीच्या धुऱ्यावर, वाऱ्याकडं पाठ करून, लेकरं लांब ठेवून. भाजल्यावर लोहचुंबक फिरव, जुन्या स्पीकरचं चालतं, पन्नीत गुंडाळून. कानशीचं लोखंड असतं त्याच्यात बरंच. चुंबकाला लागलेला कीस पण फेकू नको, बाजूला ठेव, त्याच्यात सोन्याचे कण अडकून येतात, दुसऱ्यांदा पाण्यात फिरवून मगच टाक.

बरं, आता मॅटी. एकेक सांगतो, मी काय काय लावून पाहिलं ते.

पहिल्या वर्षी मी काथ्याचं पायपुसणं कापून लावलं होतं. दिसायला इतकं भारी, खरखरीत, वाटलं याच्यातून काही सुटणारच नाही. आणि सुटलंही नाही! पण निघालंही नाही. दोन-दोन बादल्यांत आपटून धुवायचो तरी काथ्याच्या आत बारीक माल तसाच, पुढच्या वेळी त्या भरलेल्या काथ्यावरून नवा माल सरळ वाहून जायचा कारण बसायला जागाच नव्हती. शेवटी उन्हाळ्यात ते पायपुसणं वाळवून जाळलं, राख धुतली तर पाऊण ग्रामच्या आसपास निघालं. घरचा बुढा हसला, म्हणे "पाह्य, पायपुसण्यानं पण दागिना केला." तेव्हा समजलं, मॅटचं काम दोन आहेत, धरणं आणि सोडणं. धरते पण सोडत नाही ती मॅट बँकेच्या लॉकरसारखी झाली, चाबी हरवलेली.

घोंगडी हा जुना प्रकार. लोकर बारीक सोनं मस्त धरते, जॉर्जिया नावाच्या देशात स्वानेती म्हणून डोंगरी भाग आहे तिथं लोक मेंढीचं कातडं ओढ्यात ठेवून सोनं धरायचे आणि हे दोन हजार वर्षांपूर्वी स्ट्राबो नावाच्या ग्रीक भूगोलकारानं लिहून ठेवलंय. मी आमच्या धनगर मित्राकडून जुन्या घोंगडीचा तुकडा आणला होता. चालतं, खरंच चालतं, 100 मेशच्या खालच्या मालाला अजूनही कधी कधी मी वापरतो. पण पाणी अगदी पातळ, नखभर थराचं सोडायचं, आणि दर अर्ध्या तासाला काढून धुवायचं. आळशी माणसाचं काम नाही ते.

तुझ्या बॉक्ससोबत आलेली हिरवी मॅट म्हणजे प्लास्टिकचं गवत. ते वाईट नाही, पण ते 30 ते 60 च्या मालाला. त्याच्या पात्यांच्या बुडाशी एकदा बारीक रेती घट्ट बसली की वर नुसता गुळगुळीत रस्ता होतो. म्हणूनच तुझं जाड थांबतं आणि बारीक जातं, मॅटचा दोष नाही, तिला तिच्या कामाचं दिलं नाहीस.

बाहेरचे लोक ज्याला मायनर्स मॉस म्हणतात ते म्हणजे प्लास्टिकच्या शेवयांचं जाळं, आणि बाप्पा, ते आपल्याकडं चारचाकीत पायाखाली टाकायची नूडल मॅट म्हणून मिळतं. सेम टू सेम नाही, पण पुष्कळ जवळ. घेताना एवढंच पाहायचं की खालून बंद पाठ असलेली घ्यायची की उघडी. बंद पाठीची चिकटून बसते, तिच्याखालून पाणी वाहत नाही, पण धुताना तळाचा माल निघत नाही. उघडी असली की उलटी करून बादलीत झटकली की सगळं खाली. मी उघडी घेतो आणि तिच्याखाली साधी गुळगुळीत रबर शीट टाकतो, म्हणजे जे खाली उतरलं ते शीटवर दिसतं. आणि तिच्यावर एक्सपांडेड मेटलची जाळी, ती खिडक्यांना लावतात ना, पत्त्यातल्या चौकटसारख्या भोकांची, वेल्डिंगच्या दुकानात तुकडा मिळतो. जाळीच्या पट्ट्या थोड्या तिरप्या उठलेल्या असतात, त्या पाण्याच्या वाटेवर, म्हणजे शेपटाकडं झुकलेल्या हव्यात, तेव्हा प्रत्येक पट्टीच्या मागं छोटा भोवरा होतो आणि जड माल त्याच्यात खाली जातो. उलटी लागली की तीच जाळी माल वर उडवते. हाताची बोटं वरून शेपटाकडं फिरवून पाहा, गुळगुळीत लागली की सरळ आहे, बोटाला टोचली की उलटी.

माझी सगळ्यात लाडकी मात्र रेघांची काळी रबर. इलेक्ट्रिक पॅनलसमोर शॉक लागू नये म्हणून अंथरतात ना, लांब-लांब रेघा असलेली, तीच. इलेक्ट्रिकच्या दुकानात मीटरवर मिळते. रेघा पाण्याला आडव्या लावायच्या. 60 च्या खालचा माल मी सगळा तिच्यावर धुतो. काळ्या रबरावर पिवळं लगेच दिसतं, रेघेत ओळीनं बसतं, जसं काळ्या पाटीवर खडूनं आखावं तसं. आणि धुणं किती सोपं, एक मग पाणी टाकलं की झालं. फक्त नवी रबर आणली की आधी भांड्याच्या साबणानं दोनदा घासून काढ, कारखान्यातून येताना तिला तेलकट थर असतो, त्याच्यावर सोनं घसरतं. मी एकदा तशीच लावली आणि बारीक सोनं माझ्या डोळ्यासमोर पाण्यावर नाचत नाचत गेलं.

ती महागडी व्होर्टेक्स मॅट, खड्ड्या-खड्ड्यांची, तीही वापरली आहे, एका ओळखीच्यानं बाहेरून आणून दिली होती. मॅट चांगली आहे, बनवणाऱ्यानं डोकं लावलंय, धुवायला एकदम सोपी. पण तिला जोरात पाणी लागतं, खड्ड्यातली रेती सतत उकळल्यासारखी फिरत राहिली पाहिजे. नदीकाठी पाण्याला तोटा नाही तिथं ठीक. आपण ड्रममधलं पाणी फिरवून वापरणारी माणसं, पाणी कमी पडलं की खड्डे भरून दगडासारखे बसतात. एवढे पैसे घालण्याआधी विचार कर.

आमच्या गावातल्या एकानं कूलरच्या ताटीचं लाकडी गवत लावलं होतं बॉक्समध्ये. त्याचं काय झालं ते सांगत नाही, तो हे वाचतो.

मॅट बसवायची कशी हे मॅटीइतकंच महत्त्वाचं. माझ्या साडूला मी एक बॉक्स करून दिला होता, त्याचा फोन आला की काहीच निघत नाही. जाऊन पाहिलं, मॅट वर उचलली, तर खाली ॲल्युमिनियमवर पिवळी रेघ, एका कडेनं, वरपासून खालपर्यंत. मॅट एका बाजूला बोटभर कमी कापली होती, तिथून पाणी खाली शिरत होतं आणि सोनं मॅटच्या खालून प्रवास करत होतं! अर्धं तर शेपटातून गेलंच असेल. मॅट बॉक्सपेक्षा दोन-तीन मिलिमीटर रुंद काप, दाबून बसव, वरच्या तोंडाशी पट्टी लावून आवळ, कडेला फट दिसली तर जुन्या सायकल ट्यूबची पट्टी घुसव.

आणि एकच लांब तुकडा लावू नको. तीन तुकडे कर. वरचा, मधला, शेपटाचा. तुझा बॉक्स चार फुटी आहे तर वर सव्वा फूट रेघांची रबर, मध्ये नूडल मॅट जाळीसकट, शेपटाला ती हिरवी, फेकायची गरज नाही. रबर वर का, तर तिथं तुला डोळ्यानं दिसतं की सोनं बसतंय की नाही, काम चालू असताना. आणि धुताना तिन्ही तुकडे वेगवेगळ्या घमेल्यात धुवायचे, मिसळायचे नाहीत. वरच्या तुकड्यात बहुतेक सगळं आणि शेपटात नावाला असेल तर बॉक्स बरोबर लागलाय. शेपटाच्या तुकड्यात भरपूर निघालं म्हणून खूश होऊ नको, त्याचा अर्थ बाहेरही तेवढंच गेलं.

उतार फुटाला एक इंचापासून सुरू कर, म्हणजे तुझ्या बॉक्सला चार इंच. विटेचा तुकडा आणि पाचर ठेव, अंदाजानं नाही, पट्टीनं मोज. आडवा मात्र अगदी सपाट पाहिजे, वाटीत पाणी घेऊन तपास. बारीक मालाला मी उतार थोडा कमी करतो आणि पाणी त्याहून कमी करतो. टुल्लू पंप चालतो, पण नळाला कॉक बसव, नाहीतर सगळं पाणी अंगावर. नुसत्या रबरावर 100 च्या खालचा माल धुवायला मी कूलरचा छोटा पंप लावतो, उन्हाळा संपला की तो रिकामाच असतो आणि त्याची धार त्या कामाला पुरते. दोन ड्रम ठेव, एकात गाळ बसू दे, दुसऱ्यातून पाणी उचल, कारण तेच गढूळ पाणी फिरत राहिलं की ते जाड होतं आणि बारीक सोनं बसायला वेळ घेतं. पाण्यात भांड्याच्या साबणाचे चार-पाच थेंब टाक, तरंगणारं खाली येतं. चार-पाच म्हटलं की चार-पाच, आमच्या पोट्ट्यानं पाव बाटली टाकली होती, अंगणभर फेस.

माल चमच्यानं टाकायचा, एकसारखा, घाई नाही. रेघा दिसेनाशा झाल्या की थांब, पाण्याला काम करू दे, रेघांची टोकं पुन्हा दिसली की पुढचा चमचा. मातीचा गोळा कधी टाकू नको, विशेषतः गटाराच्या तोंडाची काळी माती, तो गोळा घरंगळत जाताना बसलेलं सोनं अंगाला चिकटवून घेऊन जातो. आधी बादलीत रात्रभर भिजवून हातानं पूर्ण फोड.

आता तुला कसं कळेल की मॅट काम करते? ही परीक्षा सगळ्यांनी करावी पण कोणी करत नाही. मासे धरणाऱ्या ढिवरांच्या जाळ्याला शिशाचे मणी असतात, एक-दोन मागून आण. कात्रीनं बारीक तुकडे कर, हातोडीनं चपटे कर, 30 आणि 60 च्या मधल्या चाळणीचे घे, पन्नास मोज. बांधकामावरची घमेलंभर रेती त्याच मापानं चाळ, त्यात ते तुकडे मिसळ, आणि जसं रोज धुतो तसं धू. मग तिन्ही तुकडे वेगळे धुऊन मोज. शिसं 11.3 पट, सोन्याहून पुष्कळ हलकं, 22 कॅरेटच्याही खाली. म्हणजे शिशाचे पंचेचाळीस-सत्तेचाळीस परत आले तर त्या मापाचं सोनं तुझ्या बॉक्समधून सहसा जायचं नाही. तीसच आले तर मॅट बदलायच्या आधी उतार कमी कर, पुन्हा मोज, मग पाणी कमी कर, पुन्हा मोज. एका वेळी एकच गोष्ट बदल. मी पहिल्यांदा केलं तेव्हा एकतीस आले होते, त्याच मॅटवर, नुसता उतार आणि कॉक फिरवून तिसऱ्या वेळी शेहेचाळीस. हे झालं की बॉक्स आणि मॅटी स्वच्छ धुऊन काढ, शिशाचा एक तुकडाही सोन्यात गेला की सोनं ठिसूळ होतं, सोनार शिव्या देईल. आणि हात धुतल्याशिवाय खर्रा घोटू नको, शिसं पोटात जाते.

पारा वापरू नको. माहीत आहे, मामा वापरत असेल, माझा आजाही वापरायचा, बारीक सोनं पटकन गोळा होतं. शेवटच्या वर्षांत आजाच्या हातात चहाची बशी थांबत नव्हती, आम्ही म्हातारपण समजत होतो. पारा उडवताना तो वाफ होऊन जाळाशी बसलेल्या माणसाच्या छातीत जातो, आणि चूल घरात असेल तर लेकरांच्याही. मॅट बरोबर लागली तर त्याची गरजही पडत नाही.

मामाचं काथवटीचं म्हणणं मात्र चूक नाही. बॉक्सचं काम म्हणजे दहा घमेल्यांचं एक वाटी करणं. त्या वाटीत सोनं, चांदी, पितळेचा कीस, उरलेलं लोखंड सगळं असतं, आणि चांदी 10.5 पट, पितळ साडेआठ पट, एवढ्या जवळजवळच्या वजनाच्या वस्तू कोणतीच मॅट नीट वेगळ्या करत नाही. ती वाटी मी आजही काथवटीतच फिरवतो, सकाळच्या उन्हात, पाठीवर ऊन घेऊन, म्हणजे कण चमकतात. मग टाकणखार टाकून मुशीत वितळवायचं. तेव्हा मामाला म्हण, बॉक्स मी पाहतो, काथवट तुम्ही धरा, आणि त्यांच्या मनगटाकडं पाहत बस, जुनी माणसं गोल फिरवता-फिरवता मध्येच एक हलका झटका देतात ना, तो झटका मला अजून त्यांच्यासारखा जमत नाही.